वाऱ्याचा सातबारा

डेन्मार्कच्या युटलँड किनाऱ्यावर हौ नावाचं छोटं बंदर आहे. तिथून सुटलेली फेरीबोट तासाभरात साम्सो बेटाच्या सेल्विग धक्क्याला लागते. बोटीचं नाव ‘प्रिन्सेस्से इसाबेला’. गाड्या, सायकली, दुधाचे टँकर, शाळेच्या सहली असं सगळं पोटात घेऊन ती दिवसभर ये-जा करत असते. 2015 पासून चालणारी ही बोट द्रवरूप नैसर्गिक वायूवर धावते आणि ती बेटाच्या पालिकेच्या मालकीची आहे. चार हजारांहून कमी वस्तीची पालिका समुद्रात स्वतःची बोट चालवते, हे कळलं तेव्हाच मला वाटलं, इथे मालकी हा शब्द नीट ऐकायला हवा.

साम्सो कट्टेगाट समुद्रात आहे. क्षेत्रफळ 114 चौरस किलोमीटर, लांबी 28 किलोमीटरच्या आसपास, गावं बावीस. डेन्मार्कभर हे बेट ओळखलं जातं ते पहिल्या हंगामाच्या बटाट्यांसाठी. जूनमध्ये रस्त्याकडेला लाकडी फळ्यांचे छोटे मांडव दिसतात. त्यात बटाटे, स्ट्रॉबेरी, कांदे मांडलेले, शेजारी पैशांचा डबा. विकायला कोणी बसलेलं नसतं. घ्यायचं आणि डब्यात पैसे टाकायचे, किंवा फोनवरून पाठवायचे. बेटाच्या अरुंद कमरेपाशी इसवी सन 726 च्या सुमारास खणलेला कानहावे कालवा आहे. अर्धा किलोमीटर लांबीचा तो कालवा आता गवताने भरला आहे. त्यातल्या लाकडाच्या वाढवलयांवरून त्याचं वय ठरवता आलं. पूर्वेकडच्या समुद्रातली जहाजं पश्चिमेला काढण्यासाठी शेकडो हात इथे लागले असणार. त्यामागे राजाची सत्ता असावी, असं अभ्यासक मानतात. तिथे उभं असताना माझ्या डोक्यात मात्र अलीकडचं खोदकाम होतं. या बेटावरच्या गावांनी घरोघरी गरम पाणी नेण्यासाठी रस्ते उकरून नळ पुरले आणि त्यासाठी कुठल्याही राजाचा हुकूम आलेला नव्हता.

1997 मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण व ऊर्जा मंत्रालयाने एक स्पर्धा जाहीर केली. तेव्हा स्वेन्द औकेन हे मंत्री होते. देशातल्या एखाद्या बेटाने दहा वर्षांत आपली सगळी ऊर्जा वारा, ऊन आणि शेतातल्या काडीकचऱ्यातून कशी मिळवता येईल याचा आराखडा द्यायचा, अशी ती स्पर्धा. साम्सोचा अर्ज बेटाबाहेरच्या एका अभियंत्याने तयार केला होता आणि बेटावरच्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती. साम्सो जिंकलं, पण बक्षीस म्हणून पैशांची थैली मिळाली नाही. आराखडा राबवण्यासाठी एका माणसाच्या पगाराची तेवढी सोय झाली. तेव्हाचं बेट कोणत्याही युरोपीय खेड्यासारखंच होतं. घरं तेलावर तापायची, वीज समुद्राखालच्या केबलमधून यायची आणि ती प्रामुख्याने कोळशावर तयार व्हायची. त्याच काळात बेटावरचा कत्तलखाना बंद होऊन शंभराच्या आसपास माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तरुण मंडळी शिकायला मुख्य भूमीवर जायची आणि तिथलीच होऊन राहायची. कोकणातल्या कुठल्याही गावाला ही कहाणी समजावून सांगावी लागणार नाही.

त्या एका पगारावर जो माणूस नेमला गेला तो सोरेन हर्मनसेन. बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पर्यावरण शिकवणारा शिक्षक. पुढे 2008 मध्ये ‘टाइम’ मासिकाने त्याला पर्यावरणाच्या नायकांच्या यादीत घातलं. पण पहिली काही वर्षं त्याचं काम म्हणजे सभांना जाणं. गावची कुठलीही बैठक असो, हा तिथे हजर, आणि आपल्या विषयाला दहा मिनिटं मागणार. स्वतः सभा बोलावली तर फुकट कॉफी आणि बिअर. लोक यायचे, ऐकायचे, डोकं हलवायचे आणि घरी जायचे. सुरुवातीला फारसं काही झालं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण साम्सोची गोष्ट सांगताना लोक पवनचक्क्यांपासून सुरुवात करतात. खरं तर पवनचक्की उभी राहण्याआधी दोन-तीन वर्षं फक्त बोलणं चाललं होतं, आणि जे पुढे उभं राहिलं ते त्या बोलण्यावर उभं राहिलं.

बोलण्याला रूप यावं म्हणून ‘साम्सो ऊर्जा कंपनी’ स्थापन झाली. तिच्या टेबलाभोवती चौघांचे प्रतिनिधी होते: पालिका, शेतकरी संघ, व्यापार परिषद आणि नव्याने निघालेलं ऊर्जा व पर्यावरण कार्यालय. हे चौघे एरवी एकमेकांशी भांडणारे. पालिकेला कर हवा, शेतकऱ्याला जमीन, दुकानदाराला गिऱ्हाईक, पर्यावरणवाल्यांना स्वच्छ हवा. त्यांना एकत्र बसवल्यामुळे आराखडा बाहेरच्या अभियंत्याचा राहिला नाही. तो बदलला. पवनचक्क्यांच्या जागा बदलल्या. कुठल्या गावाला उष्णतेचं केंद्र हवं आणि कुठल्या गावाला नको, हे त्या गावाने ठरवलं.

जमिनीवरच्या अकरा पवनचक्क्या 2000 मध्ये फिरू लागल्या, प्रत्येकी एक मेगावॉटच्या. बेटाची वर्षभराची विजेची गरज भागेल एवढी वीज त्या बनवतात. अकरांपैकी नऊ शेतकऱ्यांच्या स्वतःच्या आहेत आणि दोन सहकारी, म्हणजे बेटावरच्या शेकडो लोकांनी थोडे थोडे भाग घेऊन उभ्या केलेल्या. ज्याला खिडकीतून पाती दिसतात त्याला त्यात भाग घेता यायला हवा, हे सूत्र सभांमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. कर्ज द्यायला बँका तयार झाल्या, कारण विजेला सरकारने ठराविक वर्षांसाठी ठराविक दर बांधून दिला होता. आपल्याकडचा शेतकरी याला एका शब्दात हमीभाव म्हणेल. आपल्या शेतात पवनचक्की बसवणाऱ्या शेतकऱ्याने बँकेकडून मोठं कर्ज काढलं ते या हमीभावाच्या जोरावर. देशप्रेमाचा किंवा वातावरण वाचवण्याचा त्यात फारसा संबंध नव्हता, आणि असायलाही हवा असं मला वाटत नाही.

माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलं ते बालेन आणि ब्रुंड्बी या दोन गावांचं उष्णता केंद्र. बाहेरून पाहिलं तर धान्याचं गोदाम वाटावं अशी इमारत, वर एक धुरांडं. आत चौकोनी गाठोड्यांची रांग लागलेली. गव्हाच्या काडाची ही गाठोडी माणसाच्या छातीइतकी उंच. एक क्रेन त्यातलं एक उचलून पट्ट्यावर ठेवते, ते हळूहळू पुढे सरकतं, चिरलं जातं आणि बॉयलरमध्ये पडतं. आत डोकावायला जाड काचेची छोटी खिडकी आहे. भगभगता पिवळा उजेड आणि सुक्या काडाचा वास, उन्हाळ्यात पाचट पेटवलं की येतो तसाच. तापलेलं पाणी जमिनीखालच्या, फेसाचं अस्तर असलेल्या नळांतून घरोघरी जातं. घरात एक बादलीएवढी पेटी असते. तिच्यात बाहेरचं गरम पाणी आपली उष्णता घरच्या पाण्याला देऊन थंड होऊन परत केंद्राकडे येतं. बाजूला मीटर. घरात तेलाची टाकी नाही, बॉयलर नाही, धुराडं झाडायचं काम नाही. काड पुरवतात बेटावरचेच शेतकरी, आणि उरलेली राख परत शेतात जाते. पूर्वी घरं तापवायच्या तेलापोटी जो पैसा बेटाबाहेर जायचा, त्यातला मोठा भाग आता शेजारच्या शेतकऱ्याच्या खिशात जातो.

हे केंद्र ग्राहकांच्या सहकारी संस्थेचं आहे. ज्यांच्या घरात रेडिएटर तापतात तेच सभासद, तेच वार्षिक सभेत दर मंजूर करतात, संचालक निवडून देतात. बाकीच्या केंद्रांचं तसं नाही. ओन्स्बियर्गचं केंद्र बेटावरच्याच एका कंपनीने उभारलं. नॉर्डबी आणि मोरूप या उत्तरेकडच्या गावांचं केंद्र ऑर्हूसच्या वीज कंपनीने बांधलं. तिथे लाकडाच्या तुकड्यांवर चालणारा बॉयलर आहे आणि शेजारी सुमारे अडीच हजार चौरस मीटरवर उन्हाने पाणी तापवणारी सौरपटलं आहेत. त्यांच्याखाली मेंढ्या चरत असतात, म्हणजे गवत कापायचा खर्च वाचतो. त्रानेबियर्गमधलं केंद्र स्पर्धेच्याही आधीचं, तेही काडावर चालणारं. एका छोट्या बेटावर एकाच कामासाठी इतक्या तऱ्हेच्या मालकी शेजारी शेजारी नांदतात. एकच नमुना सगळ्यांवर लादायचा आग्रह कुणी धरला नाही, यात मला त्या लोकांचं शहाणपण दिसतं. आपल्याकडच्या योजनांमध्ये मला सर्वांत जास्त उणीव जाणवते ती याचीच.

पण तऱ्हेतऱ्हेच्या मालकीला एक समान कुंपण आहे, आणि ते राष्ट्रीय कायद्याने घातलं आहे. डेन्मार्कच्या 1979 च्या उष्णता पुरवठा कायद्यापासून गावोगावची उष्णता ना नफा ना तोटा या तत्त्वावर विकली जाते. खर्च निघेल एवढाच दर, त्यावर नफा घेता येत नाही. ज्याची मक्तेदारी आहे अशा नळाच्या टोकाला राहणाऱ्या ग्राहकाला एवढंच संरक्षण पुरतं. शिवाय पालिकेला आपल्या हद्दीत कुठे सामूहिक उष्णता न्यायची, याचं नियोजन करण्याचा अधिकार आहे. साम्सोवर नोंदणी कशी केली ते पाहण्यासारखं आहे. केंद्र बांधायच्या आधी नाव देणाऱ्याला जोडणीचं शुल्क अगदी नाममात्र, आणि बांधून झाल्यावर येणाऱ्याला हजारो क्रोनर. त्यामुळे लोकांनी लवकर निर्णय घेतला आणि किती घरं जोडली जातील हे बांधकामाच्या आधीच कळलं. अभियंत्याला नळाचा व्यास ठरवता आला, बँकेला परतफेडीचा अंदाज आला.

एकत्र येऊन मालक होण्याची ही समजूत त्या देशात एका रात्रीत आलेली नाही. 1882 मध्ये पश्चिम युटलँडमधल्या ह्येडिंग गावात डेन्मार्कची पहिली सहकारी दूध डेअरी निघाली. सभासदाच्या गायी कितीही असोत, मत मात्र एकच, हा नियम या डेअऱ्यांत रुजला. 1973 च्या तेलसंकटात देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती. सरकारने अणुवीज केंद्रांचा विचार सुरू केला तेव्हा गावोगावी विरोधाच्या सभा झाल्या. 1978 मध्ये त्विन येथील शाळेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी त्या काळातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांपैकी एक स्वतःच्या हातांनी उभी केली. ती आजही उभी आहे. 1985 मध्ये संसदेने अणुवीज नियोजनातून वगळली. त्याच दशकात शेजाऱ्यांनी एकत्र येऊन पवनचक्की विकत घ्यायची पद्धत पसरली. तेव्हा नियम असा होता की पवनचक्कीपासून ठराविक अंतरात राहणाऱ्यांनाच भाग घेता येईल, आणि तेही घरच्या वापराच्या प्रमाणात. म्हणजे वाऱ्याचा मालक वाऱ्याच्या जवळ राहणारा असावा, असं कायद्यानेच ठरवलं होतं. वीज कंपन्यांनी ही वीज ग्राहकदराच्या सुमारे 85 टक्के दराने घ्यायची, असं बंधन पुढे 1990 च्या दशकात आलं.

बेटाच्या नैऋत्य टोकाला व्हेसबोर्गचं दीपगृह आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की दक्षिणेला समुद्रात दहा पवनचक्क्या एका रांगेत दिसतात. त्या 2002-03 मध्ये उभ्या झाल्या, प्रत्येकी 2.3 मेगावॉटच्या, किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरवर. त्यांची गरज का पडली? बोटी, गाड्या आणि ट्रॅक्टर तेव्हा तेलावरच चालणार, हे बेटवासीयांना मान्य करावं लागलं. मग तेवढीच ऊर्जा वाऱ्यातून बनवून मुख्य भूमीला पाठवायची आणि हिशेब बरोबरीत आणायचा, असं ठरलं. दहांपैकी पाच पालिकेच्या, तीन खासगी मालकांच्या आणि दोन छोट्या भागधारकांच्या. पालिकेला तिच्या पाच पवनचक्क्यांचा पैसा रस्ते-गटारांवर हवा तसा खर्चता येत नाही. ऊर्जेतून मिळालेलं उत्पन्न ऊर्जेच्याच कामात घालायचं, असं कायद्याचं बंधन आहे. सगळ्या बेटावर दहा वर्षांत मिळून सुमारे 42 कोटी 50 लाख क्रोनर गुंतवले गेले. 2005 च्या सुमारास साम्सो वर्षाच्या हिशेबात जेवढी ऊर्जा वापरत होतं त्यापेक्षा जास्त बनवू लागलं होतं. हिशेब वर्षाचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. वारा पडला की केबलमधून मुख्य भूमीची वीज येते.

त्या दीपगृहापाशी उभं असताना मला साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार आणि पाटण तालुक्यातलं वांकुसवडे आठवलं नसतं तर नवल. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांच्या ताफ्याचं केवढं कौतुक झालं होतं. वारा तिथेही उत्तम, यंत्रंही चांगली. पण बहुतेक मालक जिल्ह्याबाहेरच्या कंपन्या, आणि त्या आल्या त्यामागचं मोठं कारण प्राप्तिकरात मिळणारी घसाऱ्याची भरघोस सवलत. यंत्र किती वीज देतं यापेक्षा कर किती वाचतो, हे गणित आधी मांडलं जायचं. पठारावरच्या माणसाला जमिनीची किंमत मिळाली, काहींना पहारेकऱ्याचं काम मिळालं. भाग घ्यायचा पर्याय त्याच्यापुढे ठेवणारा नियम आपल्याकडे नव्हता. आणि हे सहकाराचा एवढा मोठा वारसा असलेल्या राज्यात! प्रवरानगरला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. त्या भागातल्या माणसाला ‘भाग घेणे’ म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको.

आपण विजेतही हा प्रयोग करून पाहिला आहे. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था काढायचं ठरलं. त्यातली एक तेव्हाच्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. तिने गावोगावी खांब उभे केले, विहिरींवर मोटारी चालवल्या. पण वीज तयार करण्यात तिचा वाटा नव्हता. राज्य वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ द्यायची, एवढंच तिचं काम. मोठा वापर शेतीपंपांचा आणि शेतीच्या विजेचा दर राजकारण ठरवणार. थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि 2011 मध्ये संस्थेचा परवाना संपून तो भाग महावितरणकडे गेला. याच पाचांपैकी तेलंगणातली सिरसिल्ला आणि कर्नाटकातली हुकेरी या संस्था टिकल्या. त्यामुळे सहकारात वीज चालत नाही, असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. बालेन-ब्रुंड्बीच्या संस्थेला आपला दर आपल्या खर्चावरून ठरवता येतो, मुळा-प्रवराला तो कधीच तसा ठरवता आला नाही. सभासद दोन्हीकडे होते. ठरवायचा अधिकार एकीकडेच होता.

आणि डेन्मार्कमध्येही सगळं एकाच दिशेने गेलं असं नाही. शेजाऱ्यांसाठी राखलेल्या मालकीच्या अटी हळूहळू सैल झाल्या आणि 2000 च्या आसपास निघून गेल्या. पवनचक्क्या मोठ्या होत गेल्या, एका यंत्राची किंमत एका गावाच्या आवाक्याबाहेर गेली, समुद्रातल्या जागा निविदा काढून मोठ्या कंपन्यांना दिल्या जाऊ लागल्या. 2001 मध्ये कोपनहेगनसमोर उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडनच्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. तेवढी मोठी लोकमालकी पुढे सहसा दिसली नाही. गावांमधला विरोध वाढू लागला तेव्हा 2009 च्या कायद्याने नव्या पवनचक्कीचे किमान वीस टक्के भाग जवळच्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं. 2020 मध्ये तेही बदललं. आता शेजाऱ्याला भाग विकत घेण्याऐवजी दरवर्षी काही पैसे मिळतात. मला हा बदल उतरणीचा वाटतो. पैसे घेणारा शेजारी आणि सभेत हात वर करणारा शेजारी यांच्यात फार फरक आहे.

साम्सोवर आता पुढचं काम चाललं आहे. 2007 मध्ये बालेनला ऊर्जा अकादमी उघडली आणि जगभरची मंडळी तिथे येऊन शिकतात. 2030 पर्यंत तेल आणि नैसर्गिक वायू यांच्यापासून बेट मुक्त करायचं आहे. घरं आणि वीज यांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला, वाहतुकीचा सुटलेला नाही. ‘प्रिन्सेस्से इसाबेला’ बेटावरच्या शेण-काडीपासून बनलेल्या बायोगॅसवर चालवावी, हा विचार अनेक वर्षं चर्चेत राहिला आहे. बालेनच्या बोटींच्या बंदरावर सौरपटलं आणि एक मोठी बॅटरी आहे. उन्हाळ्यात खासगी होड्यांची गर्दी होते तेव्हा त्यांचा विजेचा भार ती सांभाळते. हे काम युरोपीय संघाच्या एका प्रकल्पातून झालं, त्यात साम्सोबरोबर ऑर्कनी आणि मादेरा ही बेटंही होती.

जमिनीवरच्या अकरा पवनचक्क्यांनी पंचविशी गाठली आहे. त्यांची जागा घेणारी नवी यंत्रं बरीच उंच असतील, संख्येने कमी लागतील, आणि एकेकाची किंमत कितीतरी अधिक असेल. कोणाच्या शेतात उभी करायची, पहिल्या वेळी भाग न घेतलेल्यांना या वेळी आधी संधी द्यायची का, मुख्य भूमीवर गेलेल्या मुलांना सभासद राहू द्यायचं का, पालिकेने किती वाटा उचलायचा, हे सगळं पुन्हा ठरवावं लागणार आहे. त्यासाठी सभा भरतील, कॉफी असेल, आणि 1997 पेक्षा एक मोठा फरक असेल: या वेळी खोलीतल्या बहुतेकांना ताळेबंद वाचता येतो.